पाण्याचेही खाते लिहा

कापडाच्या व्यापारात काही वाया जात नाही. ठाणाचा उरलेला तुकडा कटपीस म्हणून विकला जातो, शिंप्याकडच्या चिंध्या गोधडीत जातात. हाच हिशोब माती-पाण्याला लावला पाहिजे.

2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटले. लातुरात पाणवठ्यांभोवती जमावबंदी लागली. 12 एप्रिलला मिरजेहून पहिली पाणीगाडी 10 वाघिणींत सुमारे 5 लाख लिटर पाणी घेऊन आली. जेथे पाणी नाही, तेथे बाजारही नाही. त्याच वर्षी लातूरकरांनी 'जलयुक्त लातूर' चळवळीतून, लोकवर्गणीने, मांजरेचे सुमारे 18 किलोमीटर पात्र रुंद व खोल केले.

गाळ हा कचरा नव्हे. ती शेतातून वाहून आलेली सुपीक माती आहे. 2017 च्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत ती शेताला परत मिळते. तलावाची साठवण वाढते, जमीनही सुधारते. मात्र शेताला बांध नसेल तर गाळ पुन्हा साचतो. म्हणून हे काम दरवर्षीचे आहे.

पाऊस ही कमाई आणि भूगर्भातले पाणी हे भांडवल. भांडवल खाणारी पेढी बुडते. शिवाय मांजरा पुढे नांदेड जिल्ह्याच्या सीमेवर गोदावरीला मिळते. म्हणजे लातूरकडे ती नांदेडची अमानत आहे. व्यापारी बंधूंनी दुकानाच्या छतावरचे पाणी जमिनीत मुरवावे आणि वार्षिक हिशोबात गाळ काढण्यासाठी थोडी रक्कम वेगळी ठेवावी. हा दानधर्म नाही, धंद्याचा विमा आहे.