निळा पासपोर्ट, निळी जर्सी

चाकण-म्हाळुंगे पट्ट्यातल्या कुठल्याही मोठ्या सोसायटीत संध्याकाळी खाली उतरा. खेळणाऱ्या पोरांत दोन-चार तरी अशी सापडतील, ज्यांच्या जन्मदाखल्यावर मिशिगन, ओहायो नाहीतर ओंटारियो लिहिलेलं आहे. आईबाप खेडचे, मंचरचे, लातूरचे. कंपनीनं काही वर्षांसाठी बाहेर पाठवलं, तिथं मूल झालं, प्रोजेक्ट संपला, सगळे परत आले. मूल आता चारचौघांसारखं मराठी बोलतं, गणपतीत ताशा वाजवतं, वडापावला नाही म्हणत नाही. पासपोर्ट मात्र दुसऱ्या देशाचा. एरवी त्यानं काही अडत नाही. अडतं ते पोरगं एखाद्या खेळात खरंच चांगलं निघालं की. आमचं निघालं, म्हणून हे लिहिते आहे.

माझा मुलगा फुटबॉलमध्ये मधल्या फळीत खेळतो. गोल करणारा सगळ्यांना दिसतो, मधल्या फळीतला दिसत नाही. मलाही तो दिसायला बरेच दिवस लागले. एकदा त्याचे प्रशिक्षक म्हणाले, "ताई, बॉल बघू नका, नुसती त्याची मान बघा." बघितली. बॉल त्याच्याकडे यायच्या आधी तो एकदा डाव्या खांद्यावरून मागं बघतो, एकदा उजव्या. बॉल पायाशी येतो तेव्हा कुणाला द्यायचा हे त्याचं ठरलेलं असतं. पास साधाच असतो, दहा-पंधरा फुटांचा, पण त्या पासानं समोरचे दोघं कामातून जातात. एमआयडीसीतल्या रिकाम्या प्लॉटवर, काळ्या मातीत, पावसाळ्यात बूट रुतत असताना तो हे शिकला. पुढे पिंपरी-चिंचवड भागातल्या एका अकादमीत घातला. तळेगाव चौकातली कोंडी ज्यांना माहीत आहे त्यांना सराव सहाला असेल तर घरून किती वाजता निघावं लागतं हे सांगायला नको.

प्रवेशाच्या वेळी मी टेबलावर ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड ठेवलं होतं आणि विचारलंही होतं. पावती फाडता फाडता तिथले गृहस्थ म्हणाले, "ओसीआय आहे ना, मग झालं. भारतीयच की तो." पोराच्या वयोगटातल्या राष्ट्रीय संघाच्या निवड चाचणीसाठी नावं पाठवायची वेळ आली तेव्हा टीम मॅनेजरांनी पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो मागवला. मी पाठवला. थोड्या वेळानं फोन. "ताई, घाईत चुकून दुसऱ्या कुणाचा पाठवला का? हा अमेरिकेचा आहे." कपाटात आमचे तिघांचे पासपोर्ट एकावर एक असतात आणि तिन्ही निळेच. नाव यादीतून गेलं. पोरगं त्या रात्री जेवलं नाही, आणि मग जेवलं. सोळा वर्षांचं पोर किती वेळ उपाशी राहणार.

त्यानंतर मी जे वाचलं, विचारलं आणि ज्या खिडक्यांपुढे उभी राहिले, त्यातून जे कळलं ते इथं मांडते.

भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं नववं कलम सरळ सांगतं: स्वखुशीनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. २००५ पासून दिलं जाणारं ओसीआय कार्ड म्हणजे आयुष्यभर इथं राहायची, शिकायची, बहुतेक नोकऱ्या करायची मुभा. मतदान नाही, भारतीय पासपोर्ट नाही. आणि २००८ च्या अखेरीस केंद्राच्या क्रीडा खात्यानं नियम केला की देशाच्या संघातून भारतीय पासपोर्ट असलेलाच खेळेल. त्याआधी टेनिसमध्ये प्रकाश अमृतराज अमेरिकेचा नागरिक असूनही डेव्हिस कपला भारताकडून खेळला होता. ते दार तेव्हापासून बंद आहे. जर्मनीनं २०२४ मध्ये दुहेरी नागरिकत्वाला मोकळीक दिली, त्यामुळे इथल्या जर्मन कंपन्यांतले काही जण मला म्हणाले, "आता चालतं." जर्मनीकडून चालत असेल. आपल्याकडून नाही.

क्लबचं काय? ओसीआय खेळाडू क्लबकडून खेळू शकतो, पण परदेशी म्हणून. इंडियन सुपर लीग म्हणजे आयएसएलमधल्या परदेशी खेळाडूंच्या मोजक्या जागा क्लब स्पेनहून, ब्राझीलहून आणलेल्या कसलेल्या गड्यांसाठी राखतात. चाकणच्या अठरा वर्षांच्या पोराला त्यातली एक कोण देणार? राष्ट्रीय संघाची स्वप्नं सगळे बघतात. खरी नड इथं आहे, पोटापाण्याच्या जागी.

या वाटेनं आधी गेलेला माणूस आपल्याच पुण्यात खेळून गेला, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अराता इझुमी. १९८२ चा जन्म, जपानमधलं शिमोनोसेकी गाव, आई जपानी, वडील गुजराती. तोही मधल्या फळीतला, जरा पुढे खेळणारा. भारतात यायच्या आधी तो मित्सुबिशीच्या मिझुशिमा इथल्या मोटार कारखान्याच्या संघाकडून खेळत होता. आपल्या पट्ट्यातल्या माणसाला हे लगेच कळेल: शिफ्ट, कँटीन आणि कंपनीची टीम. २००६ मध्ये तो ईस्ट बंगालकडे आला, मग मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडे, आणि २००९ पासून पुणे एफसीकडे. बालेवाडीच्या मैदानावर त्याचा खेळ बघितलेले लोक अजून त्याचं नाव काढतात. इतकी वर्षं तो इथं परदेशीच होता. २०१२ मध्ये त्यानं भारताचं नागरिकत्व घेतलं आणि जपानचं सोडलं. जपानही दोन ठेवू देत नाही. कागदावर नाव लागलं नीलकंठ खंबोलजा. फेब्रुवारी २०१३ मध्ये कोचीला पॅलेस्टाइनविरुद्ध तो भारताच्या निळ्या जर्सीत उतरला तेव्हा तिशी ओलांडलेली होती. देशाकडून सामने झाले ते मोजकेच.

यात कुणी शौर्यकथा बघेल. मला त्यातली वर्षं दिसतात. मधल्या फळीतल्या खेळाडूचे पाय तेवीस ते तिशी या काळात सगळ्यात चांगले चालतात असं म्हणतात, आणि त्याची ती वर्षं देशाच्या संघाबाहेर गेली. पण सौदा वाया गेला असंही म्हणवत नाही. २०१४ च्या पहिल्या आयएसएलला कोलकात्याकडून तो भारतीय खेळाडू म्हणून खेळला आणि तो संघ विजेता ठरला. नंतर पुणे सिटी, केरळ, मग नवी मुंबईत पोरांचं प्रशिक्षण. इथंच राहायचं हे त्याचं पक्कं होतं, म्हणून ते जमलं. ज्याचं पक्कं नाही त्यानं नुसत्या जर्सीसाठी हे करू नये.

शेजारी बघा. हमझा चौधरी हा इंग्लंडमध्ये जन्मलेला बचावाकडचा मिडफिल्डर. आई बांगलादेशातल्या सिल्हेट भागातली. २०२१ चा एफए कप जिंकणाऱ्या लेस्टरच्या संघात होता, इंग्लंडच्या २१ वर्षांखालील संघाकडून खेळलेला. बांगलादेशात त्याला दोन्ही पासपोर्ट ठेवता येतात. फिफानं परवानगी दिली आणि २५ मार्च २०२५ ला तो बांगलादेशाकडून पहिला सामना खेळला तो आपल्याच विरुद्ध, शिलाँगला. शून्य-शून्य बरोबरी. त्या रात्री टीव्हीसमोर माझा मुलगा म्हणाला, "आई, तो खेळतो, मी का नाही?" नियम सांगता येतो, पण नियम सांगून अशा प्रश्नाचं समाधान होत नाही. तिकडे यान धांडा, बर्मिंगहॅमचा, तोही मधल्या फळीत खेळणारा, भारताकडून खेळायची इच्छा त्यानं उघड बोलून दाखवली. पण ब्रिटिश पासपोर्ट सोडल्याशिवाय ते शक्य नाही, आणि तिकडे ज्याचं घर आणि पोट आहे त्यानं तो का सोडावा?

आता ज्यांचं मूल अजून पाळण्यात आहे किंवा जे बाहेर जायच्या तयारीत आहेत, त्यांच्यासाठी. भारतीय आईबापांचं मूल परदेशात जन्मलं तर एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत जन्म नोंदवून त्याला भारतीय नागरिक करता येतं. अट ही की मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं. ही वाट फार थोड्यांना ठाऊक असते, कारण तिथल्या जन्मावर मिळणारा पासपोर्ट सोपा पडतो आणि सगळे शेजारी तेच करत असतात. ज्यांनी अशी नोंद केली आहे आणि जन्मामुळे मुलाला तिथलंही नागरिकत्व आहे, त्यांनी आणखी एक तारीख भिंतीवर लिहून ठेवावी. अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत परदेशी नागरिकत्व सोडलं नाही तर भारताचं आपोआप जातं. बोर्डाची परीक्षा आणि प्रवेशाची धावपळ नेमकी याच काळात असते.

आमच्यासारखे, म्हणजे परदेशी पासपोर्ट आणि ओसीआय घेऊन बसलेले, त्यांच्यापुढे दोन वाटा. आईवडील दोघं भारतीय नागरिक असतील तर अल्पवयीन मुलासाठी नोंदणीचा अर्ज करता येतो. तो ऑनलाइन भरायचा, आणि पुढची तपासणी जिल्हाधिकारी कार्यालयातून होते. ऐकायला सोपं आहे. पण अमेरिकेचं नागरिकत्व मुलाच्या वतीनं आईबापाला सोडता येत नाही. मुलानं स्वतः वकिलातीत अधिकाऱ्यासमोर उभं राहून, आपण काय करतो आहोत हे समजतं असं पटवून ते सोडायचं असतं, आणि अठराच्या आतल्याला ते लोक सहजी हो म्हणत नाहीत. दुसरी वाट अठरानंतरची: ओसीआयला पाच वर्षं झालेली हवीत आणि अर्जाच्या आधीचे सलग बारा महिने भारतात वास्तव्य हवं. विशेष कारण असेल तर सरकार जास्तीत जास्त तीस दिवसांची सूट देऊ शकतं, तीही कारण लेखी नोंदवून. त्या वर्षात मावशीच्या घरी उन्हाळ्याची सुट्टी, चुलत बहिणीचं तिकडचं लग्न, सगळं बाजूला.

आणि क्रम उलटा करू नका. भारताकडून अर्ज मंजूर होत असल्याचं पत्र हातात येईपर्यंत जुना पासपोर्ट सोडायचा नाही. एका ओळखीच्या घरी उत्साहाच्या भरात हे उलट करायला निघाले होते; एका वकिलानं वेळेवर थांबवलं. नाहीतर तेलही गेलं, तूपही गेलं आणि हाती धुपाटणं.

नागरिकत्व बदलणार नसाल तरी एक फाइल आजपासून करा. अठराच्या आतल्या परदेशी मुलाची पहिल्यांदा नोंदणी करताना फिफाचे नियम आड येतात. मूल सलग पाच वर्षं या देशात राहत असेल तर त्यातून सुटका होते. पण ते दाखवायला कागद लागतात. शाळेचे दर वर्षाचे बोनाफाईड, लसीकरणाचं कार्ड, भाडेकरार, पासपोर्टवरचे शिक्के असलेली पानं. जुना पासपोर्ट रद्द झाला म्हणून रद्दीत घालू नका, प्रवेशाचा शिक्का त्यातच असतो. आमच्याकडे पहिलीचं बोनाफाईड नव्हतं. शाळा तोवर दुसऱ्या संस्थेकडे गेली होती. ते मिळवताना किती खेटे घातले ते सोडा.

लोक सल्ले भरपूर देतात. "सोडून टाका ना अमेरिका, देशासाठी खेळेल," असं म्हणणारे बहुतेक जण स्वतःच्या पोराला जीआरईच्या क्लासला घालून आलेले असतात. दुसरे म्हणतात, फुटबॉलमध्ये काय ठेवलंय. मला दोघांचंही पटत नाही. संघात बोलावणं आलेलं नसताना पासपोर्ट सोडणं म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं. पण निर्णय मुलाचा आहे, आणि तो घ्यायला त्याच्याकडे आपल्याला वाटतं त्याहून जास्त वेळ आहे. २०२५ मध्ये रायन विल्यम्स या बेंगळुरूच्या खेळाडूनं ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून भारताचा पासपोर्ट घेतला तेव्हा तो बत्तिशीत होता. आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन घरातली, आणि ऑस्ट्रेलियाकडून एक मैत्रीपूर्ण सामना तो आधी खेळलेला. तरी फिफानं बदल मान्य केला.

आमचं सध्या असं ठरलं आहे. अठरा होईपर्यंत काही सोडायचं नाही. बारावीनंतरचं वर्ष इथंच, देशाबाहेर पाऊल नाही, म्हणजे अर्ज करायचा की नाही हे तेव्हा त्याच्या हातात राहील. बाबांनी त्याला कायद्याची कलमं छापून दिली आहेत. ती त्यानं बुटांच्या पिशवीत ठेवली आहेत आणि वाचलीत की नाही ते मला माहीत नाही. तोवर स्थानिक स्पर्धा, सराव आणि गुडघ्याची काळजी.

नव्या अकादमीत चौकशीला गेले तेव्हा मी फीचं विचारायच्या आधी हे विचारलं की तुम्ही याची नोंदणी कुठल्या राष्ट्रीयत्वाखाली करणार आणि ते मला लेटरहेडवर लिहून द्याल का. तिथल्या बाईंनी आतल्या साहेबांना विचारलं. साहेब बाहेर आले, पासपोर्ट उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "देतो की, पण उद्या या." दुसऱ्या दिवशी गेले. पत्र तयार होतं, शिक्क्यासह. "परदेशी, ओसीआय" असं स्पष्ट लिहिलेलं. मग फी भरली.