गाडी कुणाकुणाच्या हातात जाते?

गणपतीपुळे

चि. बायो,

पुण्यात गाड्यांच्या सायबर सुरक्षेच्या कामाला लागलीस, फार बरं वाटलं. सरावासाठी केलेला जोखमीचा तक्ता पाठवलास, तोही नीट वाचला. काम स्वच्छ आहे. भांडण एकाच रकान्यावर आहे.

गाडीतले संगणक ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या कॅनच्या तारांवर खोटा संदेश सोडण्याच्या धोक्यापुढे तू ‘शक्यता अगदी कमी’ लिहिलंस. कारण काय, तर हल्लेखोराला गाडीत शिरावं लागतं. आयएसओ २१४३४ या मानकातली सोपी पद्धत तसंच सांगते, मान्य. पण त्याच मानकात दुसरीही पद्धत आहे: वेळ किती लागेल, कसब किती हवं, गाडीची माहिती किती, अवजार कोणतं आणि संधी कितपत मिळते. ती किचकट आहे. तरी तीच वापर.

एकदा अंगारकीला इथे ये आणि नुसती पार्किंगमध्ये उभी राहा. जागा भरली की लोक चावी पार्किंगच्या पोराकडे देऊन दर्शनाला जातात. पर्यटनाच्या गाडीवर बदली ड्रायव्हर असतो, गाडी रात्रभर लॉजच्या अंगणात उघड्यावर असते. इथल्या आरे-वारेच्या चढावर इंजिनाचा दिवा लागला, की पहिला भेटेल तो गॅरेजवाला स्टिअरिंगखालच्या सॉकेटात स्कॅनर लावतो. यातला एकही माणूस वाईट नाही. पण ‘संधी’च्या रकान्यात तुला यांनाच मोजायचं आहे.

कॅन बॉशने १९८६ साली जगापुढे आणलं, तेव्हा गाडीला बाहेरचं जग जोडलेलंच नव्हतं. संदेशावर पाठवणाऱ्याची ओळख नसते. वाडीत कुणी ‘आग, आग’ ओरडलं की सगळे धावतात, कोण ओरडलं हे आधी कुणी विचारत नाही, तसंच ते.

आता खरी गोम. परवा एका गॅरेजात बसलो होतो. पोराने डॅशबोर्डखालचं कव्हर काढलं, इग्निशनची वायर सोलली, ट्रॅकरची तार तिच्यावर पिळली, इंधनपंपाच्या वायरीत रिले घातला आणि वर काळी टेप गुंडाळली. मालकाला एवढंच हवं होतं, की ड्रायव्हर भलतीकडे गेला तर फोनवरून गाडी बंद करता यावी. म्हणजे ज्या गाडीपर्यंत पोचायला हात लागत होता, तिला आता सिमकार्ड आहे. तुझ्या तक्त्यात ट्रॅकरचा हा डबा नाहीच, कारण तो कंपनीने बसवलेला नाही. २०२२ साली मायकोडस या चिनी कंपनीच्या एमव्ही७२० ट्रॅकरमध्ये बिटसाइटच्या संशोधकांना सहा त्रुटी सापडल्या. मूळ पासवर्ड होता १२३४५६, आणि दुरून इंधन तोडणं शक्य होतं. आपल्याकडे १ जानेवारी २०१९ पासून नोंदलेल्या टॅक्सी-बसना एआयएस १४० या मानकाप्रमाणे लोकेशन यंत्र आणि पॅनिक बटण असावं, असा केंद्राचा नियम आहे. तो प्रवाशांच्या भल्याचाच आहे. पण गाडीत बसणारी प्रत्येक वस्तू ही एक वाट असते, ती नियमाने आली म्हणून आपोआप सुरक्षित होत नाही.

दुरून काय होऊ शकतं, हे २०१५ साली मिलर आणि वालासेक या संशोधकांनी जीप चेरोकीवर दाखवलं. गाडीच्या रेडिओतून शिरले आणि धावत्या गाडीचं ट्रान्समिशन बंद पाडलं. अमेरिकेत चौदा लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यावर तुमच्याकडे ढीगभर वाचायला असेल, मी वेळ घेत नाही.

आणखी एक. तुमची हल्ला ओळखणारी प्रणाली इथल्या खाऱ्या हवेत तपासून बघा. कनेक्टर गंजला की तारांवर असे काही चित्रविचित्र बिघाड दिसतात, की चोर आल्यासारखं वाटावं. पुण्यात टेबलावर कॅनच्या दोन तारांमध्ये मीटर हवे तसे ६० ओहम दाखवतो, इथे दोन पावसाळ्यांनंतर काय दाखवील याचा नेम नाही. आणि संशय आला की गाडी थांबवायची, हा उपाय तर मुळीच लिहू नकोस. आरे-वारेच्या वळणावर, मागे एसटी असताना, थांबलेली गाडी हाच अपघात आहे.

‘शक्यते’चा तो रकाना पुन्हा भर. सगळ्या गाड्यांना एकच आकडा लावू नकोस, घरची गाडी वेगळी आणि भाड्याची वेगळी.

आणि हो, तुझ्या बाबांनी नव्या गाडीला बाहेरून ट्रॅकर बसवून घेतल्याचं कळलं. त्याचा पासवर्ड आजच बदलून घे, आणि त्याची एखादी तार पंपाकडे जाते का तेही बघ.

तुझा मामा