फायनान्सने ओढून नेलेली गाडी दान करता येते का?

गाडीचं कर्ज थकलं तर काय होतं, यावर आपण व्हिडिओ केला होता. त्यात वेळेअभावी राहिलेला एक मुद्दा इथे सविस्तर लिहिते. सांगलीच्या बॅचमध्ये एकाने विचारलं होतं, "मॅडम, पिकअप फायनान्सवाल्यांनी नेलीय. आता हप्ते भरणं होत नाही. ती गावच्या गोशाळेला दान म्हणून लिहून दिली तर? पुण्यही लागेल, टॅक्सही वाचेल, आणि संस्थेची गाडी म्हटल्यावर कंपनी नाद सोडेल."

एका प्रश्नात तीन आशा आहेत. तिन्ही फोल आहेत, पण प्रश्न वेडा नाही. अमेरिकेत जुनी गाडी संस्थेला देऊन करात सूट घेण्याची पद्धत आहे. तिथले व्हिडिओ आपल्याकडेही बघितले जातात, तिथले नातेवाईकही सांगतात. पण तिथेसुद्धा गाडीवरचं कर्ज आधी मिटवावं लागतं. संस्था बहुतेक वेळा ती गाडी विकते, आणि ५०० डॉलरच्या वरचा व्यवहार असेल तर सूट साधारणपणे विक्रीच्या रकमेपुरतीच मिळते.

आता आपल्याकडचं बघू. तुमचं आरसी बुक काढा. एमएच ११ असो, एमएच १० असो नाहीतर कराडची एमएच ५०, कर्जावरची गाडी असेल तर त्यावर फायनान्स कंपनीचं किंवा बँकेचं नाव चढवलेलं असतं. आपण त्याला एचपी म्हणतो, म्हणजे गाडी तारण आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५१ प्रमाणे, ही नोंद असेपर्यंत कर्ज देणाऱ्याच्या लेखी संमतीशिवाय आरटीओ गाडी दुसऱ्याच्या नावावर करत नाही. मग ५०० च्या स्टॅम्पवर दानपत्र करा, नोटरी करा, गोशाळेच्या अध्यक्षांच्या हातात हार घालून किल्ली द्या. कागदावर काहीच बदलत नाही. उलट त्याच कलमात कंपनीला वाट आहे. हप्ते थकल्यामुळे गाडी ताब्यात घेतली आणि मालक आरसी देत नाही, असं तिने आरटीओला पटवून दिलं, तर तुम्हाला म्हणणं मांडायची संधी देऊन जुनं आरसी रद्द होतं आणि नवीन आरसी कंपनीच्या नावाने निघू शकतं.

आणि गाडी नेण्याआधीच गुपचूप संस्थेच्या आवारात नेऊन लावायची आयडिया कोणी देत असेल, तर तो तुमचा मित्र नाही. करारभंग तर होतोच, फौजदारी तक्रारही होऊ शकते. शिवाय बिचाऱ्या संस्थेच्या दारात वसुलीची माणसं उभी राहतात.

करवजावटीचं तर याहून सोपं आहे. ८०जीची वजावट फक्त पैशाच्या देणगीवर मिळते, वस्तूच्या नाही. गाडी कर्जमुक्त असली, पाच लाखांची असली, तरी गाडी दिली म्हणून वजावट शून्य. रोख देणगीही २,००० रुपयांच्या वर चालत नाही. आणि तुम्ही नवीन करप्रणाली निवडली असेल तर हा विषयच संपतो.

मग तुमचं उरतं काय? इथे नीट लक्ष द्या, कारण बरेच जण गाडी गेली की फोन बंद करून बसतात आणि खरं नुकसान तिथे होतं. गाडी यार्डात गेली म्हणून तुमचा हक्क संपत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे फायनान्स कंपनीच्या करारात नोटीस किती दिवसांची, ताबा कसा घ्यायचा, विक्री किंवा लिलावाआधी कर्ज फेडायची शेवटची संधी कशी द्यायची, गाडी परत कशी द्यायची, हे सगळं लिहिलेलं असावं लागतं. तो करार तुमच्या कपाटात असेल, बारीक अक्षरातला. काढा आणि वाचा. नसेल तर कंपनीकडे लेखी मागा.

समजा, एकूण येणं ३,१०,००० आहे, दंड आणि यार्डाचं भाडं धरून. लिलावात ३,६०,००० आले तर वरचे ५०,००० तुमचे आहेत, मागून घ्यायचे. पण लिलावात २,४०,००० च आले, तर ७०,००० तुमच्या डोक्यावर राहतात. गाडी गेली म्हणजे कर्ज मिटलं, असं नाही. लिलावात भाव पडतो हे आपल्याला बाजारात बसून माहीत आहे. म्हणून शेवटच्या संधीच्या त्या दिवसांत स्वतः गिऱ्हाईक शोधा. मिरजेत, कुपवाडला, कराडला जुन्या पिकअप घेणारे आहेतच. कंपनीशी लेखी बोलून गिऱ्हाइकाचे पैसे थेट कर्जखात्यात भरायचे, एनओसी आणि फॉर्म ३५ घ्यायचा, आरटीओत बोजा उतरवायचा, मग फॉर्म २९ आणि ३० वर गाडी गिऱ्हाइकाच्या नावावर करायची. उरलेली रक्कम तुमच्या हातात. एनओसीवर मुदत असते, ती बघा.

गोशाळेला द्यायचंय ना? त्या उरलेल्या पैशातून द्या. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का, तिला ८०जी आहे का, हे विचारा, यूपीआय किंवा चेकने द्या, पावती आणि प्रमाणपत्र घ्या. दिंडीला किंवा मंडळाला देत असाल तर बऱ्याचदा नोंदणीच नसते. श्रद्धेने द्या, पण वजावट धरू नका. साताऱ्यात आपण कर्मवीर अण्णांचं नाव घेतो. लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या मुलांसाठी दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा दिलं. ते सोनं त्यांचं होतं, कुणाकडे तारण नव्हतं.

गाडीच द्यायची असेल तर आधी कर्ज पूर्ण फेडून बोजा उतरवा, मग संस्थेच्या नावावर करा. धंद्यात जीएसटीचं इनपुट क्रेडिट घेतलेली मालवाहू गाडी फुकट दिली तरी कर लागू शकतो, त्यामुळे सीएंना विचारल्याशिवाय सही करू नका.

आता एक गोष्ट जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. गाडी यार्डात आहे, पण आरसीवर नाव तुमचं आहे. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गाडी पुढे कितीही हातांत गेली, तरी अपघाताच्या भरपाईसाठी आरसीवर ज्याचं नाव, तोच मालक. म्हणून गाडी नेताना ताबापावती घ्या: तारीख, वेळ, किलोमीटर, आतलं सामान, नेणाऱ्याचं ओळखपत्र. लिलाव झाल्यावर नाव बदललं का, हे परिवहन पोर्टलवर स्वतः तपासा. नसेल बदललं, तर कंपनीला आणि आरटीओला लेखी द्या आणि पोच घ्या.

दमदाटी झाली तर? सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये प्रकाश कौर प्रकरणातच गुंड पाठवून गाडी उचलण्यावर ताशेरे ओढलेत. वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेचं ऑगस्ट २०२२ चं परिपत्रक आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. चौकशीसाठी नंबर १४४४८. पण आपल्या दोन्ही जिल्ह्यांत बरीच वाहनकर्जं पतसंस्थांची असतात. तिथे हा रस्ता नाही, सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात जायचं. पतसंस्था कलम १०१ खाली वसुली दाखलाही मिळवू शकते, आणि जामीनदार म्हणून सही केलेल्या तुमच्या मेव्हण्याच्या घरीही नोटीस जाते. त्याला आजच फोन करून सगळं सांगा.