दप्तरातली नशा



दरवर्षी २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, आपण प्रतिज्ञा घेतो, फेरी काढतो. फलकांवर दारूची बाटली आणि चिलीम रंगवलेली असते. मुले ती पाहतात आणि हा मोठ्यांचा विषय आहे असे समजून मोकळी होतात. आपल्या माळव्यात नशेची गोष्ट निघाली की बोट मंदसौर-नीमचच्या अफूकडे जाते. मात्र मुलांच्या हाती सहज लागणारी नशा स्टेशनरीच्या आणि पंक्चरच्या दुकानात असते.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून देशभर सर्वेक्षण करवले. त्याचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारू पिणारे सुमारे १६ कोटी निघाले. पण मला थांबवले ते दुसऱ्या एका आकड्याने. वास घेऊन करायची नशा मोठ्यांत ०.५८ टक्के, तर १० ते १७ वर्षांच्या मुलांत १.१७ टक्के! मुले मोठ्यांच्या पुढे आहेत असा हा एकच प्रकार. मदतीची गरज असलेली मुले सुमारे ४ लाख ६० हजार, आणि अशी मुले जास्त असलेल्या राज्यांत मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र दोन्ही आहेत.

व्हाइटनर, थिनर, पंक्चरचे सोल्यूशन यांत टोल्युइनसारखी द्रावके असतात. द्रावकाचे काम स्निग्ध पदार्थ विरघळवणे. विजेच्या तारेवर प्लास्टिक असते, तसे मेंदूतल्या तंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. वाफ फुप्फुसांतून काही सेकंदांत रक्तात आणि तिथून मेंदूत पोहोचते. हे वारंवार झाले की ते आवरण खराब होऊ लागते. आठवण, चालण्यातला तोल, ऐकणे, पाहणे, सगळ्यावर परिणाम होतो. "सर, एकदाच करून पाहिले," असे मुले म्हणतात. या नशेत हृदयाची लय एकाएकी बिघडून पहिल्याच वेळी मृत्यू येऊ शकतो.

म्हणून पालकांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. मूल हे करताना दिसले तर ओरडू नका, त्याच्यामागे धावू नका. घाबरल्याने किंवा पळाल्याने हृदयावरचा ताण वाढतो आणि धोका तिथेच असतो. शांतपणे वस्तू काढून घ्या, खिडक्या उघडा, जवळ बसा. शुद्ध हरपली तर लगेच १०८ ला फोन करा. रागावणे नंतरही होऊ शकते.

कपड्यांना रसायनाचा वास, बाहीवर पांढरे डाग, नाकातोंडाभोवती पुरळ, सारखी डोकेदुखी, जेवणावरून उडालेले मन, याकडे लक्ष असू द्या. यातले एखादे लक्षण साध्या सर्दीतही दिसते, म्हणून लगेच आरोप नको.

बाटलीतल्या व्हाइटनरच्या किरकोळ विक्रीवर केंद्र सरकारने २०१२ मध्ये बंदी घातली. पेनच्या रूपातला व्हाइटनर मिळतोच, आणि सोल्यूशनची ट्यूब कोण थांबवणार? दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ मुलाला देणाऱ्यास २०१५ च्या बालन्याय कायद्याने सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते, हे गल्लीतल्या दुकानदाराला जरूर ऐकवा.

वहीत चूक झाली तर एक आडवी रेघ मारावी. तेवढ्यासाठी व्हाइटनर लागत नाही.

सल्ल्यासाठी केंद्र सरकारची निःशुल्क हेल्पलाइन १४४४६ आहे. मुलालाही हा क्रमांक माहीत असू द्या. काही गोष्टी घरच्यांपेक्षा परक्याला सांगणे त्याला सोपे जाते.