लिनक्स आलं, वाय-फाय गेलं

प्रश्न : जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकलं. सगळं छान चालतं, पण वाय-फायचं नावच दिसत नाही. पुन्हा विंडोज टाकू का?

उत्तर : एवढ्यात नको. तुमच्या लॅपटॉपमध्ये बहुधा ब्रॉडकॉमची वाय-फाय चिप असावी. तिच्या बऱ्याच जुन्या मॉडेलांचा ड्रायव्हर मुक्त स्रोत नाही, म्हणून तो आपोआप बसत नाही. आता ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटला ड्रायव्हर! लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, त्यातली गत.

यावर उपाय खिशातच आहे. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडा आणि सेटिंग्जमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. मिंटला ते साधं वायरचं नेटवर्क वाटतं. (फोन घरच्या वाय-फायवर असेल तर मोबाइल डेटाही खर्च होत नाही. केबल मात्र नुसती चार्जिंगची नको.) मग मेनूतून 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा, सुचवलेला ड्रायव्हर निवडा, लॅपटॉप रीस्टार्ट करा.

सिक्युअर बूट चालू असेल, तर ड्रायव्हर बसताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. तो कागदावर लिहून ठेवा. रीस्टार्टनंतर निळा पडदा येईल. घाबरून 'कंटिन्यू बूट' दाबू नका, 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्या. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.