भरतीचा ‘रेट’ विचारण्याआधी

आई-बाबांनो,

भरतीची जाहिरात आली की आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात अकोल्यापासून जामखेडपर्यंत एकच चौकशी सुरू होते : “यंदा रेट काय चाललाय?” तुमची काळजी मला कळते. कांद्याच्या भावाचा भरवसा नाही, मुलाचं वय वाढतंय, सोयरीक नोकरीवर अडलीय. पण पैसे भरल्याशिवाय नोकरी लागत नाही, हा समजच आज मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान करतोय.

एजंटाचा धंदा कसा चालतो, ते नीट समजून घ्या. तो वीस जणांकडून पैसे घेतो आणि करत काहीच नाही. त्यांतले दोघं-तिघं आपल्या मेहनतीवर लागतात. त्यांचे पैसे तो ठेवून घेतो आणि ‘मीच लावलं’ म्हणून गावभर सांगतो. बाकीच्यांना पुढच्या तारखा मिळत राहतात. ज्याचा मुलगा लागला, त्या बापालाही वाटतं, पैशानेच काम झालं. पोराच्या घामाचं श्रेय असं एजंटाच्या पदरात पडतं.

पोलीस भरतीचंच बघा. शिपाईपदाला मुलाखतच नसते. आधी ५० गुणांची मैदानी चाचणी, मग १०० गुणांची लेखी. मैदानावर निम्मे गुण मिळवावे लागतात आणि त्यांच्यातून एका जागेमागे दहा जण लेखीला बोलावले जातात. १६०० मीटर मुलालाच धावायचं असतं.

“पण पेपर फुटतात ना?” असं तुम्ही म्हणाल. फुटले आहेत. आरोग्य विभागाच्या २०२१च्या भरतीत पेपर फुटला. पुण्याच्या सायबर पोलिसांनी खात्यातल्याच अधिकाऱ्यांना अटक केली आणि परीक्षा रद्द झाली. शिक्षक पात्रता परीक्षेच्या घोटाळ्यात २०२२मध्ये साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. पैसे देऊन मिळवलेलं असं हातचं जातं, वर पोलिसांचा ससेमिरा मागे लागतो. २०२४च्या केंद्राच्या कायद्यात पेपर फोडणाऱ्यांना किमान तीन वर्षांची कैद आहे. एजंटाकडे वावर गहाण टाकून दिलेल्या पैशांची पावती मात्र कुणाकडेच नसते.

दुसरा समज, ‘लागला नाही म्हणजे अभ्यासच केला नाही.’ २०२३च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते. एका जागेमागे दोनशेहून जास्त! अशा ठिकाणी हुशार, कष्टाळू मूलही मागे राहतं. त्याला चारचौघांत टोमणे मारू नका. किती वर्षं तयारी करायची आणि सोबत दुसरं काय करायचं, हे त्याच्याशी बसून आधीच ठरवा.

तिसरा समज, ‘कंपनीतली नोकरी ही काय नोकरी?’ आपल्याच जिल्ह्यात नागापूर आणि सुप्याच्या एमआयडीसीत कारखाने उभे आहेत. आयटीआय केलेला फिटर किंवा इलेक्ट्रिशियन अप्रेंटिस म्हणून लागला, तर १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने त्याला विद्यावेतन मिळतं आणि हातात कसब येतं. पगार सुरुवातीला कमी असेल, पण अनुभवाच्या जोरावर पुढची नोकरी मागता येते. तिथेही ‘लावून देतो’ म्हणत कुणी आधी डिपॉझिट मागितलं, तर सरळ उठून या. अप्रेंटिसची नोंदणी सरकारी संकेतस्थळावर होते. जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रातही विचारपूस करता येते. त्यासाठी मध्यस्थ लागत नाही.

पैशाची बोलणी आपण मुलांसमोर करतो. त्यातून त्यांना एकच ऐकू येतं, की माझ्या अभ्यासावर घरच्यांचाच विश्वास नाही. म्हणून हात जोडून विनंती करते : जमीन गहाण टाकू नका, एजंटाला दारात उभं करू नका. तो पैसा मुलाच्या पुस्तकांवर, खुराकावर आणि एखादं कसब शिकण्यावर खर्च करा. आणि त्याला रोज एवढंच विचारा, “आज काय केलंस?”