आदिलाबाद जिल्हा कसा वाचावा

आदिलाबादेत मराठी माध्यमाच्या शाळेत मी इतिहास-भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यापासून लोक माझ्याकडे येतात ते जुने कागद घेऊन. कुणाला आजोबांच्या जमिनीची नोंद हवी असते, कुणाला जातीच्या दाखल्यासाठी पुरावा, कुणाला आईच्या माहेरचा उतारा. मला उर्दू वाचता येते, एवढेच माझे भांडवल. पण हे काम करताना एक गोष्ट मनात पक्की बसली: आपल्या जिल्ह्याचा कारभार कधी कुणाकडे होता हे ज्याला ठाऊक नाही, त्याला आपला हक्क कोणत्या दारात मागायचा हेच कळत नाही. दीडशे वर्षांत आमचा जिल्हा किती वेळा जोडला आणि तोडला गेला! म्हणून जे उमगले ते लिहून ठेवतो आहे.

१. हद्दीच्या आधी पाणी पाहावे.

मुलांना मी नकाशा काढायला सांगायचो तेव्हा आधी नद्या काढून घ्यायचो. पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, यवतमाळच्या आणि आमच्या मधून वाहते आणि वर्धेला मिळते. वर्धा-वैनगंगा एकत्र आल्या की प्राणहिता, आणि ती गोदावरीला. जुना आदिलाबाद जिल्हा उत्तरेला पैनगंगा, पूर्वेकडे वर्धा-प्राणहिता आणि दक्षिणेला गोदावरी अशा तीन बाजूंनी पाण्यानेच आखलेला होता. मधून सातमाळ्याची रांग वायव्येकडून आग्नेयेकडे जाते. रांगेच्या उत्तरेला पडलेला पाऊस पैनगंगेत जातो, दक्षिणेचा बराचसा कडेम नदीतून गोदावरीत. कुंटाळ्याचा धबधबा याच कडेमवरचा.

हे कळले की बाकीचे आपोआप कळते. रांगेच्या उत्तरेला काळी जमीन, कापूस, तूर, ज्वारी. बेला, जैनथ, तांसी, तलमडगू इकडचे शेत आणि नदीपलीकडचे पांढरकवड्याचे शेत शेजारी ठेवले तर कोणते कुठले ते सांगता येणार नाही. बोलणेही तेच, पोळाही तोच. महबूब घाट उतरून निर्मळकडे गेले की तळी दिसू लागतात, भात दिसू लागतो आणि तेलुगू वाढत जाते. पश्चिमेचा भैंसा-मुधोळचा पट्टा तेवढा वेगळा, तिथे खाली उतरूनही मराठी सुटत नाही. आणि मध्ये उतनूरचे पठार: गोंड, कोलाम, परधान, थोटी यांचा मुलूख. राज्यकर्त्यांनी ओढलेल्या रेषा या तीन पट्ट्यांवरून फिरत राहिल्या. पट्टे जागचे हलले नाहीत.

२. जुन्या कागदात जुने नाव शोधावे.

१८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले आणि पैनगंगा दोन राजवटींची सीमा झाली. पलीकडे इंग्रजी बंदोबस्त, अलीकडे निजामाचा अंमल. अलीकडे हाली सिक्का चालायचा, आणि नदी ओलांडून माल आणायचा तर करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरावी लागायची. सालारजंगांनी १८६५ मध्ये हैदराबाद राज्यात जिल्हाबंदी केली. १८७२ मध्ये एदलाबाद, राजुरा आणि सिरपूर हे तीन तालुके मिळून सिरपूर-तांडूर नावाचा उपजिल्हा झाला. १९०५ मध्ये त्यात गोदावरीकडचे निर्मळ, लक्षेट्टीपेठ, चिन्नूर असे तालुके जोडले आणि आदिलाबाद हा पूर्ण जिल्हा उभा राहिला. मधली बरीच वर्षे जिल्ह्याचे ठाणे आसिफाबादला होते, चाळीसच्या दशकाच्या सुरुवातीला ते आदिलाबादला आले.

म्हणून पणजोबांचा कागद शोधताना ‘आदिलाबाद’ हा शब्द सापडला नाही तर निराश होऊ नये. एदलाबाद पाहावे, सिरपूर-तांडूर पाहावे. आसिफाबाद तालुक्याचे कागद जनगाव या नावाखाली असतात. ‘अव्वल तालुकदार’ अशी सही असेल तर तो कलेक्टर. कागदावर फसली सन असतो, त्यात ५९० किंवा ५९१ मिळवले की इसवी सन येतो. जहागिरी खालसा करणारा कायदा १३५८ फसलीचा, म्हणजे १९४९ चा.

३. १ नोव्हेंबर १९५६ ही तारीख पाठ असावी.

राज्य पुनर्रचनेत हैदराबाद राज्य मोडले. तेलंगण आंध्र प्रदेशात गेले, मराठवाडा मुंबई राज्यात. आमच्या जिल्ह्याचे किनवट आणि राजुरा हे दोन मराठी तालुके तिकडे गेले. किनवट नांदेडला जोडले. राजुराही आधी नांदेडला जोडले, मग १९५९ मध्ये चांद्याला. नांदेड जिल्ह्यातला मुधोळ तालुका मात्र इकडे आला, आणि त्याच्याबरोबर गोदाकाठचे बासरचे सरस्वती मंदिरही.

माहूरगड तेव्हा किनवट तालुक्यात होता. म्हणजे रेणुकामातेचा डोंगर १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. वर्गात हे सांगितले की मुले विश्वास ठेवत नसत. मुधोळ-भैंशातल्या मराठी माणसाला आपण तेलंगणात कसे, हा प्रश्न पडतो. किनवटच्या माणसाला जिल्ह्याचे ठाणे एवढ्या लांब का, हा. आदिलाबाद किनवटहून जवळ, नांदेड त्याच्या दुपटीहून दूर. दोन्ही प्रश्नांचे उत्तर त्या एका तारखेत आहे.

रेल्वेने तर ती रेघ मानलीच नाही. आदिलाबादहून हैदराबादकडे जाणारी गाडी किनवट, हिमायतनगर, भोकर, मुदखेड, धर्माबाद असा महाराष्ट्रातून वळसा घेते, बासरला पुन्हा तेलंगणात शिरते आणि मग गोदावरी ओलांडते. आपल्या राजधानीला जायला आधी शेजारच्या राज्यात जावे लागते. रस्त्याने नागपूर दोनशे किलोमीटर आणि हैदराबाद तीनशे, म्हणून मोठे दुखणे आले की आमची माणसे आजही बरीचशी नागपूर-सेवाग्रामकडे धावतात.

४. १९५४-५५ चा खासरा जपून ठेवावा.

या यादीत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट. हैदराबाद राज्य मोडायच्या जेमतेम दोन वर्षे आधी गावोगाव जमिनीची पाहणी झाली आणि खासरा पाहणी पत्रक तयार झाले. मग राज्य फुटले, पण हा कागद दोन्हीकडे टिकला. तेलंगणात जमिनीचा मूळ पुरावा म्हणून त्याचे नाव घेतात, मराठवाड्यातही घेतात. एका राज्याने लिहिलेला कागद आज दोन राज्यांच्या कचेऱ्यांत चालतो.

बेला मंडलातल्या एक मावशी आल्या होत्या. माहेर किनवट तालुक्यात. वडील जाऊन बरीच वर्षे झालेली, आणि भावकीचे म्हणणे की जमीन कधी त्यांच्या नावावर नव्हतीच. पिशवीतून त्यांनी एक झेरॉक्स काढली, घडीवर फाटलेली, मागून चिकटपट्टी लावलेली. आडवा ताव, उभे रकाने, उर्दू शिकस्ता अक्षर. सर्व्हे नंबर, एकर आणि गुंठे, मग पट्टेदाराचे नाव, मग काबीजाचे. पट्टेदार म्हणजे ज्याच्या नावे पट्टा, काबीज म्हणजे प्रत्यक्ष कसणारा. लोक पहिला रकाना वाचून कागद मिटतात. मावशींनी विचारले, “गुरुजी, माह्या बापाचं नाव हाये का त्याच्यात?” पट्टेदाराच्या रकान्यात नव्हते. काबीजाच्या रकान्यात होते, बापाच्या नावासकट, स्वच्छ. मी ओळीवर बोट ठेवून ते मोठ्याने वाचले. त्यांनी दोनदा वाचायला लावले.

काबीजाची नोंद म्हणजे मालकी नव्हे, हेही मी त्यांना सांगितले. पण १९५० चा हैदराबाद कूळ वहिवाट कायदा दोन्हीकडे लागू झालेला आहे, आणि कुळाचा दावा उभा राहतो तो अशाच नोंदीवर. त्या किनवटच्या तहसीलला नक्कल मागायला गेल्या ती या रकान्याच्या जोरावर. ज्यांच्याकडे खासऱ्याची प्रत नसेल त्यांनी आजच अर्ज टाकावा. तेलंगणात २०२० मध्ये ‘धरणी’ पोर्टल आले, २०२५ मध्ये त्याच्या जागी ‘भू भारती’ आले. संगणकावर नाव चुकले किंवा गळले तर दुरुस्तीसाठी शेवटी त्या पिवळ्या तावाकडेच जावे लागते. निजामाच्या काळातली वरिष्ठ पातळीवरची दप्तरे हैदराबादेत तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात आहेत. किनवट-राजुऱ्याच्या लोकांनीही तिकडे जायला संकोच करू नये, ती दप्तरे त्यांच्याही पूर्वजांची आहेत.

५. नदी ओलांडली की दाखला बदलतो, हे आधी समजून घ्यावे.

पैनगंगेच्या दोन्ही काठांवर बंजारा तांडे आहेत, एकाच गोताची माणसे. १९७६ च्या दुरुस्ती कायद्यापासून इकडे लंबाडा समाज अनुसूचित जमातींत आहे, महाराष्ट्रात बंजारा विमुक्त-भटक्यांत. लेक इकडे दिली की तिच्या मुलांच्या दाखल्याचा प्रश्न उभा राहतो. त्या बदलानंतर पलीकडून बरीच कुटुंबे इकडे येऊन स्थायिक झाली आणि गोंड-कोलामांच्या मनात आपली जमीन, आपल्या जागा जातील ही धास्ती बसली. ही धास्ती खरी आहे आणि तांड्यातल्या माणसाची पोटाची ओढही खरी आहे. दोन राज्यांच्या दोन याद्यांनी दोन गरीब समाज समोरासमोर आणले, असे मला वाटते, आणि याचे मला फार वाईट वाटते.

जमिनीचेही तसेच. अनुसूचित क्षेत्रातली जमीन बिगर-आदिवासीच्या नावावर होत नाही. त्या नियमाला इथे सगळे ‘वन सेवंटी’ म्हणतात, १९७० च्या पहिल्या रेग्युलेशनवरून. सोयरिकीतून शेत घ्यायचा विचार असेल तर आधी गाव अनुसूचित यादीत आहे का ते पाहावे.

आणि आता मराठवाड्यातल्या कुणबी नोंदींचा प्रश्न. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने २०२३ मध्ये निजामकाळातली दप्तरे धुंडाळली, त्यासाठी हैदराबादही गाठले. किनवट-माहूरच्या तरुणांना मी सांगतो की तुमचा तालुका १९५६ पर्यंत आदिलाबादचा होता, तेव्हा नुसते नांदेडच्या नावाखाली शोधू नका.

६. कारभाराचे तुकडे झाले तरी जत्रेची वाट मोजून पाहावी.

१९८५ मध्ये आंध्रात तालुके जाऊन मंडले आली. त्याच्या आदल्या वर्षी पटेल-पटवारी पद्धत बंद झाली होती.  तालुका परत आला नाही, पण म्हातारी माणसे अजून तालुकाच सांगतात. मग ११ ऑक्टोबर २०१६ ला, दसऱ्याच्या दिवशी, तेलंगणाचे दहाचे एकतीस जिल्हे झाले आणि आमच्या एका जिल्ह्याचे चार: आदिलाबाद, निर्मळ, मंचेरियाल आणि कोमरम भीम आसिफाबाद. सिंगरेणीचा बराचसा कोळसा मंचेरियालकडे गेला, कागजनगरची कागद गिरणी आसिफाबादकडे. कोमरम भीम ज्या जोडेघाटात निजामाच्या फौजेशी लढताना १९४० मध्ये पडले, तेही आसिफाबादकडे. गोदावरीचा काठ आदिलाबादला उरलाच नाही.

कलेक्टर कचेरी जवळ आली हे चांगलेच झाले. पूर्वी मंचेरियालच्या माणसाला एका सहीसाठी सगळा जिल्हा ओलांडावा लागायचा. तरी केसलापूरला नागोबाची जत्रा भरते तेव्हा मेश्राम कुळातली माणसे अभिषेकाचे पाणी आणायला अनवाणी चालत हस्तिनमडुगूला गोदावरीवर जातात. ते ठिकाण आज मंचेरियाल जिल्ह्यात आहे. वाट तीच, गावोगावचे मुक्काम तेच. जत्रेत चाळीसच्या दशकापासून दरबार भरतो, मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी सुरू केलेला, आणि त्यात गाऱ्हाणे मांडणारा गोंड माणूस कोणत्या जिल्ह्यातून आला हे तिथे कुणी विचारत नाही.

७. ज्यांची रेघ अजून ठरली नाही त्यांच्याकडे लक्ष द्यावे.

१९५६ ची रेघ राजुरा तालुक्याच्या डोंगरात नीट उतरलीच नाही. आज जिवती तालुक्यातली मुकादमगुडा, परंदोळी, महाराजगुडा, अंतापूर अशी चौदा गावे महाराष्ट्र आपली म्हणतो आणि तेलंगण केरामेरी मंडलात धरतो. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. गावात मराठी शाळा आहे, तेलुगू शाळा आहे. दोन सरपंच, दोन रेशनकार्डे, दोन मतदार याद्या. बाहेरची माणसे म्हणतात, दोन्हीकडून मिळते, मजा आहे. त्यांनी तिथल्या कुटुंबांना पायाखालच्या जमिनीचा कागद विचारावा. वर्षानुवर्षे कसलेल्या जमिनीचा धड पट्टा किती तरी घरांत नाही, आणि तो कोणत्या तहसीलदाराकडे मागायचा हेही ठरत नाही.

नदीवर मात्र दोन्ही राज्ये एकत्र बसली. २३ ऑगस्ट २०१६ ला महाराष्ट्र आणि तेलंगण यांच्यात करार झाला आणि पैनगंगेवर चनाखा-कोरटा बंधाऱ्याची वाट मोकळी झाली. पाण्यासाठी दोन सरकारे एका टेबलावर बसू शकतात, तर चौदा गावांसाठीही बसू शकतात. बसतील तेव्हा त्यांनी आधी दोन्हीकडच्या तलाठ्यांना घेऊन घरोघर ताबा लिहून काढावा, पट्टे द्यावेत, आणि हद्दीचा दगड त्यानंतर रोवावा.